मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने मदत कोणाकडे मागायची?

एखाद्या शाळेतल्या संगणकावर उबुंटू आहे. शिक्षक लिब्रेऑफिसमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करतात आणि ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला ऱ्य कागदावर तुटका उमटतो. हे विचारायचे कोणाला? लिब्रेऑफिसकडे गेले तर कळते, अक्षरांची जुळणी ते स्वतः करत नाही. ते काम हार्फबझ नावाच्या वेगळ्या सॉफ्टवेअरकडे आहे. हार्फबझ फॉन्टमधल्या नियमांप्रमाणे चालते, तेव्हा दोष फॉन्टचाही असू शकतो. फॉन्ट ठीक असेल, तर कळफलकातून नेमके कोणते युनिकोड वर्ण आले हे तपासावे लागते, आणि ती व्यवस्था आयबसची. या सगळ्यांच्या आवृत्त्या एकत्र बांधून देणारे उबुंटू आणखी निराळे. अडचण एक, प्रकल्प पाच. प्रत्येक दारात मिळणारे ‘हे आमच्याकडचे नाही’ हे उत्तर प्रामाणिक असू शकते, आणि तरीही शिक्षकांचे काम अडलेलेच राहते.

मुक्त सॉफ्टवेअरची घडणच अशी आहे. लहान लहान प्रकल्प एकमेकांचा कोड वापरतात, म्हणून एवढे मोठे काम एवढ्या थोड्या माणसांत उभे राहते. हार्फबझ फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये आहे, अँड्रॉइडमध्ये आहे. तिथे केलेली मराठीची एक दुरुस्ती या सगळ्यांत पोहोचते. कोड असा सामायिक झाला. वापरणाऱ्याला द्यायची मदत मात्र बहुतेक ठिकाणी प्रकल्पागणिक तुकड्यांत वाटलेली राहिली. ती एकत्र आणण्याचे प्रयत्न कोणी केले, त्यांतले काय टिकले आणि काय ढासळले, याचा हा आढावा. त्यातून निघणारे मत आधीच मांडलेले बरे: ही मदत आता स्वयंसेवकांच्या सवडीवर सोडून चालणार नाही. कोडप्रमाणेच तीही सर्वांनी मिळून उभारायला, पोसायला आणि सर्वांच्या मालकीची ठेवायला हवी.

विचारणारे आणि सांगणारे एकच होते तेव्हा

२५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी यूझनेट या चर्चाजाळ्यावरच्या मिनिक्स चर्चागटात आपल्या नव्या प्रणालीची वार्ता दिली आणि लोकांना तिच्यात काय हवे आहे, असे विचारले. लिनक्सच्या इतिहासातला पहिला संवाद असा वापरणाऱ्यांशीच झाला. पुढची काही वर्षे वापरणारे बहुतेक सगळे प्रोग्रॅमरच होते. आज प्रश्न विचारणारा उद्या दुसऱ्याला उत्तर देई. लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टने ‘हाऊ-टू’ नावाच्या छोट्या मार्गदर्शिका जमवल्या. छापखाना नाही, पगार नाही, पण छपाईयंत्र जोडण्यापासून जाळे उभारण्यापर्यंतची माहिती त्यांत होती. १९९७ साली ‘इन्फोवर्ल्ड’ या अमेरिकी साप्ताहिकाने उत्कृष्ट तांत्रिक साहाय्याचा पुरस्कार लिनक्स वापरणाऱ्यांच्या समुदायाला दिला. पैसे घेऊन मदत देणाऱ्या कंपन्या असताना हा मान विखुरलेल्या स्वयंसेवकांकडे गेला.

हे कसे घडले याचा नीट अभ्यास करीम लखानी आणि एरिक फॉन हिपेल यांनी केला. ॲपॅची वेब सर्व्हरच्या यूझनेट मदतगटाचे त्यांचे विश्लेषण २००३ साली ‘रिसर्च पॉलिसी’मध्ये प्रसिद्ध झाले. लोक फुकट उत्तरे का देतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना आढळले की उत्तर देणारी माणसे तिथे मुख्यतः वाचायला आणि शिकायला येतात. त्यांच्या एकूण श्रमांपैकी ९८ टक्के श्रमांचा थेट लाभ त्यांनाच, शिकण्याच्या रूपाने मिळतो. उत्तर लिहायला फारच थोडा वेळ लागतो, कारण ते त्यांना आधीच ठाऊक असते.

या निष्कर्षाकडे आशादायक म्हणून पाहिले गेले, आणि तो तसा आहेही. पण त्यात एक अट दडलेली आहे. उत्तर देणाऱ्याला तिथून काही शिकायला मिळाले पाहिजे. तोच प्रश्न शंभराव्यांदा येतो तेव्हा शिकण्यासारखे काही उरत नाही. उरतो तो कंटाळा आणि मग तुसडेपणा. २००१ मध्ये एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी प्रश्न शहाणपणाने कसा विचारावा याची मार्गदर्शिका लिहिली. आधी शोधा, आवृत्ती सांगा, काय करून पाहिले ते लिहा, हा तिचा सल्ला आजही उपयोगी आहे. पण तिने सगळे ओझे विचारणाऱ्यावर टाकले. ज्याला ‘आवृत्ती’ कुठे पाहायची हेच माहीत नाही, ज्याचे इंग्रजी तोकडे आहे, तो अशा दारातून मुकाट परत जातो. किती जण असे परतले याची नोंद कुठेच होत नाही, म्हणून हा तोटा प्रकल्पांना दिसतही नाही.

विकत मिळणारी मदत

दुसरा मार्ग बाजाराचा. १९८९ मध्ये अमेरिकेत सिग्नस सोल्यूशन्स ही कंपनी निघाली. सॉफ्टवेअर मुक्त ठेवायचे आणि त्याची देखभाल विकायची, हा तिचा व्यवसाय. रेड हॅटने तोच मार्ग मोठ्या प्रमाणावर चालवला, सिग्नसही पुढे आपल्यात घेतली. आणि २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. मोफत मिळणाऱ्या कोडवर मदतीचा धंदा चालत नाही, ही शंका त्या दिवशी संपली. या पैशातून सर्वांसाठी झालेले कामही थोडेथोडके नाही. भारतीय लिप्यांचे लोहित फॉन्ट रेड हॅटने मुक्त परवान्यावर उपलब्ध केले, आणि पुण्यातल्या तिच्या अभियंत्यांनी भारतीय भाषांवर वर्षानुवर्षे काम केले.

या मार्गाची मर्यादाही उघड आहे. करार बँकेला, दूरसंचार कंपनीला परवडतो. शाळेला, घरातल्या संगणकाला नाही. शिवाय एकाच कंपनीकडे सगळे ज्ञान साठले, तर कोड मुक्त असूनही ग्राहक बांधलेला राहतो.

यावर चांगला तोडगा ग्रंथालयांनी काढला. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टला १९९९ मध्ये नवी ग्रंथालयप्रणाली हवी होती. कॅटिपो कम्युनिकेशन्सने ती बनवली आणि ग्रंथालयाने तिचा कोड मुक्त करण्याचे ठरवले. एकाच पुरवठादारावर विसंबून राहायचे नाही, हा त्यामागचा विचार. जानेवारी २००० मध्ये सुरू झालेली ही ‘कोहा’ आज भारतातल्याही अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत आहे. तिच्यासाठी सशुल्क मदत देणाऱ्या संस्था अनेक देशांत आहेत. एकीचे काम पसंत पडले नाही तर ग्रंथालय दुसरीकडे जाते, प्रणाली तीच राहते. आणखी एक गोष्ट इथे दिसते: कोहातल्या देवघेवीच्या नियमांबद्दलच्या शंकेला सर्वांत चांगले उत्तर दुसरा ग्रंथपाल देतो, प्रोग्रॅमर नव्हे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या उद्योगांचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरबाबतही हेच खरे. जीएसटीचा हिशेब अडला तर लेखापालाचा अनुभव कोड लिहिणाऱ्याच्या ज्ञानापेक्षा अधिक कामी येतो. ही माणसे मदतीत आणायची तर त्यांना कोड लिहिता आला पाहिजे, ही अपेक्षा आधी सोडावी लागते.

वेशी ओलांडण्याचे प्रयत्न

मोझिलाने फायरफॉक्ससाठी उभारलेले मदतकेंद्र हा एकेका प्रकल्पाने स्वतः केलेल्या प्रयत्नांतला नमुना म्हणता येईल. तिथे प्रश्नोत्तरे आणि लेखसंग्रह एकमेकांना जोडलेले आहेत. वारंवार येणाऱ्या प्रश्नाचा लेख होतो, जाणकार तो तपासतात, आणि स्वयंसेवक तो आपापल्या भाषेत नेतात. हे केंद्र ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते किट्सुनही मुक्त आहे.

पण प्रकल्पांच्या सीमा ओलांडणारी सर्वांत जुनी यंत्रणा ‘डिस्ट्रो’ची, म्हणजे अनेक प्रकल्पांचे सॉफ्टवेअर एकत्र बांधून देणाऱ्या उबुंटूसारख्या प्रणालींची आहे. डेबियन १९९३ मध्ये सुरू झाले. त्यातल्या प्रत्येक पॅकेजला सांभाळणारा कोणीतरी असतो. वापरणारा दोष डेबियनकडे नोंदवतो. सांभाळणारा तो तपासतो, आपल्या बांधणीतला असेल तर दुरुस्त करतो, मूळ सॉफ्टवेअरमधला असेल तर तिकडे कळवतो आणि उत्तर परत आणतो. वापरणाऱ्याला मूळ प्रकल्पाचे नावही माहीत असण्याची गरज नाही. १९९७ च्या सामाजिक करारात डेबियनने आपल्या अडचणी लपवणार नाही, असे वचन दिले, आणि त्याची दोषनोंदणी सर्वांसाठी खुली राहिली. पॅकेज सांभाळणारी ही माणसे सामायिक मदतीचा खरा कणा आहेत. मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात त्यांची नावे क्वचित येतात, आणि हा अन्याय आहे.

उबुंटूच्या कॅनॉनिकल कंपनीने २००४ मध्ये लाँचपॅड आणले, तेव्हा याच कामाला साधन देण्याचा विचार त्यात होता. एक दोष अनेक प्रकल्पांना लागू आहे असे तिथे एकाच नोंदीत दाखवता येते. प्रत्येकाची स्थिती शेजारी शेजारी दिसते. प्रश्नाचे रूपांतर दोषनोंदीत करता येते. कल्पना नेमकी होती, पण लाँचपॅडचा स्वतःचा कोड २००९ पर्यंत बंद होता. इतर प्रकल्पांनी आपल्या नोंदी एका कंपनीच्या बंद यंत्रणेत का आणाव्यात, हा आक्षेप रास्त होता, आणि कोड खुला झाला तोवर बहुतेकांनी आपापली घरे बांधून घेतली होती.

जागा कोणाच्या मालकीची?

लाँचपॅडबाबत उठलेला मालकीचा प्रश्न पुढे अधिक तीव्र झाला. १९९९ मध्ये सुरू झालेले सोर्सफोर्ज दशकभर हजारो प्रकल्पांचे घर होते: कोड, दोष, मदत, सगळे तिथे. २०१५ मध्ये विंडोजसाठीच्या गिंप या चित्रसंपादकाच्या तिथल्या इन्स्टॉलरला जाहिरातींचे सॉफ्टवेअर जोडल्याचे उघड झाले आणि विश्वास संपला. फ्रीनोड या गप्पांच्या जाळ्यावर शेकडो प्रकल्पांच्या मदतीच्या खोल्या होत्या. मे २०२१ मध्ये त्याच्या ताब्यावरून वाद झाला, चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी राजीनामे दिले आणि लिबेरा चॅट हे नवे जाळे उभे केले. ते स्वीडनमधल्या ना-नफा संस्थेकडे आहे. बहुतेक प्रकल्प काही आठवड्यांत तिकडे गेले. माणसे एकमेकांना ओळखत होती, म्हणून हे स्थलांतर जमले.

स्टॅक ओव्हरफ्लो २००८ मध्ये आले आणि त्याच कुटुंबातले आस्क उबुंटू २०१० मध्ये. प्रश्न, उत्तरे, मते आणि सुधारणा यांची त्यांनी घालून दिलेली शिस्त मोलाची होती. एका ठिकाणी सगळ्या प्रकल्पांचे प्रश्न येत, म्हणून वेशी आपोआप पुसल्या गेल्या. २०२१ मध्ये प्रोसस या कंपनीने स्टॅक ओव्हरफ्लो १.८ अब्ज डॉलरना घेतले. लोकांनी लिहिलेला मजकूर मुक्त परवान्यावर आहे, ही जमेची बाजू. पण जागेचे भवितव्य लिहिणाऱ्यांच्या हाती नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर तिथे येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घसरली.

ही घसरण समजून घ्यायला हवी. यंत्राला विचारले तर उत्तर लगेच मिळते, कोणी रागावत नाही, आणि मराठीतही विचारता येते. नवख्यासाठी हे मोठे वरदान आहे. पण ते उत्तर विचारणाऱ्यापुरते राहते. चुकीचे निघाले तर दुरुस्त करणारा तिसरा माणूस तिथे नसतो, आणि तोच दोष शंभर जणांना भेडसावतो हे प्रकल्पाला कळत नाही. उलट, यंत्राने रचलेल्या खोट्या दोषनोंदी मात्र प्रकल्पांवर येऊन आदळतात; कर्ल या मुक्त प्रकल्पाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी या त्रासाबद्दल जाहीरपणे लिहिले आहे. डिस्कॉर्डसारख्या बंद खोल्यांतल्या मदतीचाही हाच दोष: उत्तर दिले जाते, पण शोधणाऱ्याला ते नंतर सापडत नाही.

थकलेली माणसे

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला. जगभरच्या संकेतस्थळांची सुरक्षा ज्या सॉफ्टवेअरवर उभी होती, त्याला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणग्या मिळत आणि पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले. दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता, एवढ्या खुणेवरून त्याने माग काढला. हा हल्ला कसा शिजला, ते या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. प्रकल्प सांभाळणारा एकटा होता, थकलेला होता. काही अनोळखी नावांनी त्याच्यावर वापरणाऱ्यांच्या तक्रारींचा मारा केला: दुरुस्त्या का होत नाहीत, उत्तर का येत नाही, दुसऱ्या कोणाकडे काम का देत नाही? मग मदतीला आलेल्या ‘स्वयंसेवका’कडे हळूहळू अधिकार गेले. वापरणाऱ्यांच्या प्रश्नांचे ओझे एका माणसावर पडणे ही केवळ त्याची अडचण नाही. सगळ्यांच्या सुरक्षेतली ती फट आहे.

या ओझ्यावरचा मला सर्वांत पटलेला उपाय डेबियनच्या दीर्घकालीन देखभालीत दिसतो. आवृत्तीची नेहमीची देखभाल संपल्यावरही अनेक संस्थांना तीच चालू ठेवायची असते. २०१४ पासून अशा संस्था फ्रेक्सियन या कंपनीमार्फत पैसे एकत्र करतात. त्यातून डेबियनच्या जाणकारांना तासांप्रमाणे मोबदला मिळतो, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या पैसे न भरणाऱ्यालाही मिळतात. धुळे-नाशिक भागातली फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. पांझरा, मोसम या नद्यांवरचे बंधारे सगळ्यांचे, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि पाणी फिरवणाऱ्या पाटकऱ्याचा मोबदला लाभ घेणारे शेतकरी मिळून देत. पाटकरी सवडीने आला तर पीक वाळते, हे त्यांना पक्के कळत होते.

मुक्त सॉफ्टवेअरला पैसे पुरवण्यासाठी जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड सुरू केला. भारतात झेरोधाने २०२४ मध्ये दरवर्षी १० लाख डॉलरचा फ्लॉस फंड जाहीर केला. दोन्ही स्वागतार्ह आहेत. पुढची पायरी ही की अशा निधीतून कोड लिहिणाऱ्यांबरोबर उत्तरे देणारे, मार्गदर्शिका लिहिणारे आणि दोष तपासून पुढे नेणारे यांनाही वाटा मिळावा.

आपल्या भाषेतली मदत

मराठीत मदत उभारताना सामायिकपणा ही केवळ सोय नाही, ती गरज आहे. एकेका प्रकल्पासाठी मराठीतून उत्तरे देणारी पुरेशी माणसे मिळणे अवघड. दहा प्रकल्पांसाठी मिळून दहा माणसे मिळू शकतात. भाषांतराच्या क्षेत्रात हे सिद्ध झाले आहे. ट्रान्सलेटविकीवर एकदा नोंदणी केलेला मराठी स्वयंसेवक मीडियाविकीपासून ओपनस्ट्रीटमॅपपर्यंत अनेक प्रकल्पांचा मजकूर एकाच ठिकाणी मराठीत आणू शकतो.

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प या बाबतीत आपला मोठा ठेवा आहे. लिब्रेऑफिस, लिनक्स, सायलॅब अशा मुक्त सॉफ्टवेअरवरचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तिथे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. पाठाची संहिता ध्वनिमुद्रणाआधी एखाद्या नवख्याला वापरून पाहायला देतात. त्याला जमले नाही तर संहिता बदलते. प्रश्न विचारताना पाठाचे नाव, कितवे मिनिट आणि कितवे सेकंद हे निवडता येते. अडखळण्याची जागा इतक्या नेमकेपणाने सांगण्याची सोय मोठ्या प्रकल्पांकडेही क्वचित असते.

केरळने तर शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर नेताना मदतीची साखळीच घडवली. २००१ पासून आयटी ॲट स्कूल उपक्रमात शिक्षकांनाच प्रशिक्षक केले गेले, आणि २०१८ मध्ये ‘लिटल काइट्स’ या नावाने माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यांची मंडळे सुरू झाली. शाळेतला संगणक अडला तर पहिली मदत वर्गातल्याच मुलीकडून मिळते. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईच्या लिनक्स वापरकर्ता गटांनी अनेक वर्षे माणसे घडवली. त्यांच्या उत्साहाला केरळसारखी संस्थांची चौकट मिळाली असती, तर ते काम तालुक्यांपर्यंत गेले असते.

पुढे काय करावे

या सगळ्या अनुभवातून चार गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली: वापरणाऱ्याला एकच दार असावे, आणि दारातल्या माणसाने प्रश्न परतवायचा नाही, पुढे न्यायचा. डेबियनमधला पॅकेज सांभाळणारा हेच करतो. दुसरी: प्रत्येक उत्तर मुक्त परवान्यावर, तारीख आणि आवृत्तीसह जपले जावे, आणि सगळा संच केव्हाही उचलून दुसरीकडे नेता यावा, सोर्सफोर्ज आणि फ्रीनोड यांनी एवढे तरी शिकवले आहे. यंत्राने तयार केलेले उत्तरही माणसाने तपासून याच संचात यावे. तिसरी: स्वयंसेवकांभोवती पगारी माणसांचा लहान पण कायमचा गाभा हवा, आणि त्याचा खर्च लाभ घेणाऱ्या संस्थांनी वाटून घ्यावा. चौथी: मदत करणाऱ्याला कोड लिहिणाऱ्याइतकाच मान हवा. प्रकल्पाच्या निर्णयात त्याचे मत घेतले जावे, कारण लोक कुठे अडतात हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते.

महाराष्ट्रात याची सुरुवात आजही करता येईल. कोहा वापरणारी महाविद्यालये, लिब्रेऑफिस वापरणारी कार्यालये, ईआरपीनेक्स्टवर चालणारे लहान उद्योग, यांच्या अडचणी वेगवेगळ्या दिसल्या तरी युनिकोड, जुन्या फॉन्टमधल्या फाइली, छपाई, मराठी शुद्धलेखन तपासणी हे प्रश्न समान आहेत. यांतल्या काही संस्थांनी परवानाशुल्कात वाचलेल्या पैशाचा छोटा भाग एकत्र केला, एखाद्या विद्यापीठाने जागा दिली आणि चार-पाच जाणकारांना पूर्णवेळ नेमले, तर मराठीतले सामायिक मदतकेंद्र उभे राहील. त्याला फार मोठे भांडवल लागणार नाही. लागेल तो एक निर्णय: मोफत मिळालेल्या सॉफ्टवेअरची मदत मोफत मिळायलाच हवी, हा हट्ट सोडायचा आणि त्या मदतीचा आपला वाटा उचलायचा. ज्या संस्थांनी मुक्त सॉफ्टवेअरचा सर्वाधिक लाभ घेतला आहे, त्यांनी हा निर्णय आधी घ्यावा.